पाऊल आणि पडताळा

लेथवर काम करणारा जुना टर्नर टूल पुढे नेताना कधी आकडा ओलांडून गेला, तर हातचाक तेवढेच मागे घेऊन थांबत नाही. तो ते चांगले अर्धा फेरा मागे फिरवतो आणि पुन्हा पुढे येत त्याच आकड्यावर टेकतो. स्क्रू आणि नट यांच्यात थोडी ढिलाई असते. दिशा बदलली की चाक फिरते, टूल मात्र जागचे हलत नाही, आणि डायलवरचा आकडा तेवढ्यापुरता खोटा ठरतो. भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये या ढिलाईला बॅकलॅश म्हणतात, आणि तिच्यावर मात करण्याची ही रीत शिकाऊ मुलाच्या हातात सुरुवातीलाच बसवली जाते. पुढे तो ट्रायल कट घेतो, मशीन थांबवतो, मायक्रोमीटरने व्यास मोजतो आणि उरलेले शतांश मगच काढतो. आज घरी छोटा सीएनसी राउटर बांधायला घेतलेला विद्यार्थी जेव्हा विचारतो की स्टेपर मोटर घ्यावी की सर्वो, तेव्हा तो याच टर्नरच्या कामाविषयी विचारत असतो: सांगितले तेवढे टूल खरेच सरकले का, हे कोण बघणार? स्टेपर सांगितलेली पावले टाकते आणि ती पडली असे धरून चालते. सर्वो पाऊल टाकते आणि ते पडले का, हे प्रत्येक वेळी तपासते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या उजेडात वाचता येतो. इथे यंत्रे बदलली, पण त्याहून खोल बदल पडताळ्याच्या जागेत झाला: आधी तो माणसाच्या हातात होता, मग तपासणीच्या टेबलावर गेला, आणि शेवटी मोटरच्या मागच्या टोकाला जाऊन बसला. चूक कुठे कळावी आणि ती कुणी निस्तरावी, हे ठरले की मोटर आपोआप ठरते, असे माझे म्हणणे आहे. या पट्ट्याचा इतिहास हा त्याचा पुरावा आहे.

पिंपरीच्या माळावर १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि एमआयडीसी हा शब्द पुढे इथल्या पत्त्यांचा, बसच्या पाट्यांचा आणि रोजच्या बोलण्याचा भाग होऊन गेला. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर आणि बजाज टेम्पोची वाहने बनू लागली, चिंचवडला बेअरिंगचा कारखाना आला. टेल्कोची पुण्यातली उभारणी १९६६ पासूनची, आणि तिचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी इथे गाड्यांपासून सुरुवात केली नाही. गाड्या बनवणारी यंत्रे, डाय, जिग-फिक्श्चर, आणि ती चालवणारी माणसे हे आधी घडवायचे, असा त्यांचा आग्रह होता. मशीन टूल विभाग आणि प्रशिक्षण विभाग आधी उभे राहिले. पुण्यात बनलेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. दहा-अकरा वर्षे एखादी कंपनी मुख्यतः टूलरूम आणि शिकाऊ कामगार यांवर खर्च करते, तेव्हा अचूकपणा कुठे राहतो याविषयी तिचे एक मत असते. त्या काळी तो माणसात राहत होता. यंत्राला फक्त हालचाल येत होती. हालचाल बरोबर झाली का, हे टर्नरचा कान, बोटाला जाणवणारा हातचाकाचा जडपणा आणि मायक्रोमीटरचा दट्ट्या ठरवत असे. त्याच्या मागे तपासनीस गो आणि नो-गो गेज घेऊन उभा असे. नियंत्रणशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर फीडबॅकचे वर्तुळ पूर्ण होत होते, पण ते माणसाच्या अंगातून जात होते.

जगात मात्र हे वर्तुळ यंत्रातच पूर्ण करण्याचा प्रयत्न फार आधी सुरू झाला होता. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला: वेग वाढला की फिरणारे गोळे वर उचलले जात आणि वाफेची वाट अरुंद होई. १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने अशा यंत्रणा कधी स्थिर राहतात आणि कधी हेलकावे खाऊ लागतात याचे गणित मांडले. सर्वो हा शब्द जहाजावरून आला. फ्रेंच अभियंता फार्को याने सुकाणू फिरवायला वाफेचे इंजिन जोडले आणि १८७३ च्या आपल्या पुस्तकात त्याला सर्वो-मोटर असे नाव दिले. लॅटिनमध्ये सर्वस म्हणजे दास. या दासाचे वैशिष्ट्य त्याच्या ताकदीत नव्हते. सुकाणू प्रत्यक्षात किती वळले हे तो परत कळवत असे, आणि मागितलेले व झालेले यांत फरक उरला असेपर्यंत काम सोडत नसे. दुसऱ्या महायुद्धात तोफा रोखण्यासाठी हेच तत्त्व वापरले गेले, आणि एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेने ते पुढे मशीन टूलला लावले. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वक्र कडा अचूक कापता याव्यात म्हणून जॉन पार्सन्स यांनी सुरू केलेले काम १९४९ मध्ये या प्रयोगशाळेकडे आले, आणि १९५२ मध्ये भोके पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे मिलिंग मशीन जगाला दाखवण्यात आले. सीएनसीचा पूर्वज असा फीडबॅकसह जन्मला, पण त्याचा नियंत्रक निर्वात नळ्यांचा होता आणि किंमत फक्त विमानउद्योगाला परवडणारी होती.

स्टेपरची वंशावळ वेगळी आहे. १९१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या वॉकर नावाच्या अभियंत्याने दातेरी रचनेच्या अशा मोटरचे पेटंट घेतले, आणि १९२० च्या दशकात ब्रिटिश युद्धनौकांवर तोफांची दिशा एका जागेहून दुसरीकडे कळवण्यासाठी पावलागणिक सरकणाऱ्या मोटरी वापरल्या गेल्या. आज छंदाच्या प्रत्येक यंत्रात दिसणारी हायब्रिड स्टेपर १९५० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. तिच्या रोटरवर पन्नास दाते असतात आणि ती एका फेऱ्यात दोनशे पावले टाकते, म्हणजे एका पावलात १.८ अंश. स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर असेल तर एक पाऊल म्हणजे २५ मायक्रॉन. तिचे मोठेपण हे की ती मोजू शकते आणि तरीही तिला मोजमापाचे कुठलेही साधन लागत नाही. नियंत्रकाने चारशे स्पंद पाठवले की दोन फेरे होणार. पावलातली लहानशी चूकही पुढच्या पावलात साठत जात नाही. पण या सगळ्याला एक अट आहे: भार मोटरच्या आवाक्यातला हवा. तो क्षणभर जरी आवाक्याबाहेर गेला, तरी रोटर मागे राहतो आणि पुढच्या सारख्याच दिसणाऱ्या विद्युतस्थितीत जाऊन बसतो. ही घसरण चार पावलांच्या पटीत होते, कारण प्रवाहाचा क्रम दर चार पावलांनी पुन्हा तोच येतो. ५ मिलिमीटर पिचवर चार पावले म्हणजे ०.१ मिलिमीटर. लेथच्या आडव्या अक्षावर ही चूक झाली तर व्यासात तिची दुप्पट, ०.२ मिलिमीटर, दिसते. आता २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंग बसवायची तर अनेकदा सहाव्या दर्जाची सूट मागितली जाते, आणि ती आहे १३ मायक्रॉन. एका घसरणीत सुटीच्या पंधरा पट चूक होते, आणि नियंत्रकाच्या पडद्यावरचा आकडा मात्र अगदी बरोबर राहतो. जुन्या टर्नरचा डायल बॅकलॅशपुरता खोटा ठरत असे. इथे पडदा पुढच्या प्रत्येक जॉबसाठी खोटा होतो.

या दोन घराण्यांचा मोठा सामना जपानमध्ये झाला. फुजित्सूमध्ये सेइउएमॉन इनाबा यांनी १९५९ मध्ये इलेक्ट्रो-हायड्रॉलिक पल्स मोटर बनवली: छोटी स्टेपर पावले मोजायची आणि तेलाच्या दाबावर चालणारी मोटर ताकद लावायची. परत माहिती देणारे साधन नको असल्याने नियंत्रक स्वस्त आणि साधा झाला. जपानमधल्या एनसी मशीनची पहिली लाट या खुल्या पद्धतीवर आली, आणि १९७२ मध्ये वेगळी झालेली फॅनक कंपनी तिच्याच बळावर उभी होती. १९७३ च्या तेलसंकटाने हिशेब बदलला. तेलाचा पंप सतत चालू ठेवणारी यंत्रणा ऊर्जा खाते, हे आता परवडेना. इनाबांनी स्वतः घडवलेली मोटर बाजूला ठेवली आणि १९७४ मध्ये गेटिस या अमेरिकन कंपनीकडून डीसी सर्वो मोटरचे तंत्र परवान्यावर घेतले. ही घटना माझ्या मांडणीवरचा पहिला आक्षेप ठरू शकते, आणि तो प्रामाणिकपणे घ्यायला हवा. फॅनकने सर्वो घेतली ती पडताळा हवा म्हणून घेतली नाही, ऊर्जेसाठी घेतली. ते खरेच आहे. पण एकदा मोटरच्या शेपटाला तिची जागा मोजून परत कळवणारा एन्कोडर बसला, तेव्हा कारखान्याला एक नवीन गोष्ट करता येऊ लागली: मशीनला स्वतःहून थांबता येऊ लागले. मागितलेली आणि प्रत्यक्षातली जागा यांतला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की सर्वो ड्राइव्ह अलार्म देतो आणि हालचाल बंद करतो. अचूकतेपेक्षाही हा अलार्म महत्त्वाचा, कारण त्यामुळे मशीनपाशी सतत एक जाणता माणूस उभा ठेवण्याची गरज संपू लागली. कारण काहीही असो, परिणाम पडताळ्याचा झाला.

आपल्याकडे ही लाट उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचली. परवाना आणि आयातशुल्काच्या काळात परदेशी सीएनसी मशीन ही मोठ्या कारखान्याच्या टूलरूमची मिरवण्याची वस्तू होती. छोट्या शेडमध्ये साधी लेथ, मिलिंग आणि कॅमवर चालणारी ऑटो मशीन यांचेच राज्य होते. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिकाने १९७० च्या दशकात ठिणगीने धातू झिजवणाऱ्या ईडीएम यंत्रांचे काम हाती घेतले, आणि पुढे डाय-मोल्डच्या धंद्याला वायर-कट मशीनची जोड मिळाली. तारेने कापणाऱ्या यंत्रात तार जॉबला टेकत नाही, ठिणगी मधले अंतर पार करते. कापण्याचा जोर जवळपास नाही, वेग मिनिटाला काही मिलिमीटर. भार आधीच ठाऊक असलेली ही जागा स्टेपरला मानवणारी आहे, म्हणून अशा यंत्रांत ती जगभर बरीच वर्षे नांदली. स्टेपर ही सर्वोची गरीब बहीण आहे असे मानणाऱ्याने हे उदाहरण पाहावे. जिथे भार आश्चर्याचा धक्का देत नाही आणि कामाची गती सावकाश आहे, तिथे पडताळ्यावर केलेला खर्च वाया जातो. उलट मिलिंगमध्ये दात जॉबला एकेक तडाखा देत जातो, कास्टिंगमध्ये मध्येच कठीण ठिपका लागतो, चिप अडकते. तिथे भाराचा अंदाज रोज चुकतो.

१९९१ नंतर या पट्ट्यात जे झाले त्याने हा फरक पोटापाण्याचा प्रश्न करून टाकला. आयात सुलभ झाली, वाहनांच्या नव्या कंपन्या आल्या, आणि डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोने इंडिका बाजारात आणली. तिच्या उत्पादनासाठी ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला प्रकल्प विकत घेऊन, सुटा करून, पिंपरीत पुन्हा उभारला होता. वाहन कंपन्यांनी पुरवठादारांकडे शेकड्याने नव्हे, तर दहा लाखांत किती सुटे भाग खराब, या पीपीएमच्या हिशेबाने बघायला सुरुवात केली. दहा लाखांत पन्नास खराब भाग चालतील म्हटल्यावर शेवटी टेबलावर बसून चांगले-वाईट निवडणारा तपासनीस अपुरा पडतो, कारण माणसाची नजरच त्याहून अधिक चुकते. चूक जिथे जन्मते तिथेच ती अडवावी लागते. शिवाय सीएनसी मशीनचे कर्ज फेडायचे तर ती तीन पाळ्यांत चालवावी लागते, आणि रात्रीच्या पाळीला एक ऑपरेटर दोन-तीन मशीन बघतो. टर्नरचा कान एका वेळी तीन मशीनवर नसतो. मग त्याचे काम वाटले गेले: जागेचा पडताळा सर्वोच्या एन्कोडरकडे, भाग उलटा बसू नये याची काळजी पोका-योकेच्या सेन्सरकडे, व्यासाची खात्री एअर गेजकडे. भोसरी आणि चाकणच्या गल्ल्यांत एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बांधलेली खास यंत्रे, बनवणारे छोटे उद्योग वाढले ते याच गरजेतून. त्या यंत्रांना लागणारी नियंत्रणविद्याही इथे रुजली. भोसरीत पीएलसी, म्हणजे यंत्रांचे नियंत्रक, बनवणारी मेसुंग मित्सुबिशी इलेक्ट्रिकने २०१२ मध्ये घ्यावी, एवढी ती मोलाची ठरली होती.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की एवढे तत्त्वज्ञान कशाला, हा सगळा किमतीचा खेळ आहे. सर्वो महाग होती तोवर स्टेपर वापरली, सर्वो स्वस्त झाली तशी ती आली. या म्हणण्यात तथ्य आहे. स्थायी चुंबक, शक्तिशाली ट्रान्झिस्टर आणि वेगवान प्रोसेसर स्वस्त झाले नसते तर एसी सर्वो छोट्या शेडमध्ये पोचलीच नसती. पण किंमत एकटी सगळे सांगत नाही. तसे असते तर सर्वो स्वस्त झाल्यावर स्टेपर बाजारातून उठायला हवी होती. ती उठली नाही. लेबल चिकटवणारे यंत्र, नमुन्याच्या बाटल्या सरकवणारे उपकरण, थ्रीडी प्रिंटर, छोटे इंडेक्सिंग टेबल यांत ती ठाम आहे. दुसऱ्या बाजूला, सर्वो परवडत नसतानाही काही कामांसाठी ती कर्ज काढून घेतली गेली, कारण एक बिघडलेला जॉब मोटरच्या फरकापेक्षा महाग होता. वीस रुपयांच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर चूक झाली तर तुकडा फेकता येतो. तीन दिवस मिलिंग केलेल्या कठीण पोलादाच्या डायवर शेवटच्या तासात झाली तर ती चूक कुणाच्या तरी पगारातून जाते. म्हणजे मोटरची किंमत हे तराजूचे एकच पारडे. दुसऱ्या पारड्यात चुकीची किंमत असते, आणि ती कामागणिक बदलते.

याहून अवघड आक्षेप नियंत्रणशास्त्र जाणणारा घेईल. तो म्हणेल, सर्वो तपासते ते स्वतःचा शाफ्ट; टूलचे टोक कुठे आहे हे तिलाही कळत नाही. हे पूर्णपणे खरे आहे. बहुतेक सीएनसी मशीनवर एन्कोडर मोटरच्या मागे असतो. त्याच्या पुढे कपलिंग, बॉलस्क्रू, नट, टेबल, टूलहोल्डर अशी लांब साखळी आहे, आणि त्यातली झीज एन्कोडरला अदृश्य असते. पोलाद एका मीटरला एका अंश सेल्सिअसमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. अर्ध्या मीटरचा स्क्रू सकाळपासून चालून पाच अंशांनी तापला तर तो ३० मायक्रॉन लांब होतो, आणि एन्कोडर मात्र सारे ठीक आहे असे सांगत राहतो. म्हणून महागड्या मशीनवर टेबललाच काचेची मोजपट्टी बसवतात, त्याहून पुढे मशीनमध्येच जॉब मोजणारा प्रोब लावतात. या आक्षेपाने माझे म्हणणे कोसळत नाही, ते नेमके होते. उघडे वर्तुळ आणि बंद वर्तुळ असे दोनच प्रकार नसतात. प्रत्येक यंत्रात पडताळा कुठल्या तरी कडीपाशी संपतो आणि तिथून पुढे विश्वास सुरू होतो. स्टेपरमध्ये तो नियंत्रकाच्या दारातच संपतो, सर्वोत मोटरच्या शाफ्टपाशी, मोजपट्टीत टेबलापाशी, प्रोबमध्ये जॉबच्या पृष्ठभागापाशी. जुन्या टर्नरचा पडताळा सर्वांत पुढे, थेट जॉबच्या व्यासावर होता. सर्वो आल्याने पडताळा वेगवान आणि अखंड झाला, पण तो जॉबपासून थोडा मागेही सरकला. ही किंमत विसरणारे कारखाने पडद्यावरच्या तीन दशांशस्थळांवर भाबडेपणाने विसंबतात.

चाकणच्या टप्प्यात या गोष्टीला अनपेक्षित वळण मिळाले. फोक्सवॅगनचा प्रकल्प ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांनीही चाकणची वाट धरली, आणि वेल्डिंगच्या लाइनवर रोबोंची रांग हे परिचित दृश्य झाले. असे रोबो जाळीच्या कुंपणात असतात, कारण माणूस आडवा आला हे त्यांना कळत नाही. बजाज ऑटोने मात्र २०१० पासून चाकणला डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे कोबो, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारे रोबो, आणायला सुरुवात केली. या यंत्राच्या सांध्यांत सर्वो मोटरी असतात, आणि त्या नुसती जागा तपासत नाहीत. हालचालीला किती प्रवाह लागायला हवा हे नियंत्रकाला ठाऊक असते. तो अचानक वाढला तर काहीतरी, कदाचित कुणाचा तरी हात, आडवा आला आहे असे समजून यंत्र थांबते. माणसाला मशीनपासून दूर नेणाऱ्या पडताळ्याने इथे त्याला पुन्हा मशीनच्या शेजारी उभे केले. यंत्राला स्वतःची चूक कळणे आणि माणसाला त्याच्यापाशी निर्धास्त राहता येणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे चाकणच्या या कोबोंनी दाखवले.

छंदाच्या जगाचा या पट्ट्याशी असलेला धागा पाबळमधून जातो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकण्यासाठी. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. त्याच्या पन्नास वर्षे आधी ज्या संस्थेत खोलीभर निर्वात नळ्यांनी एक मिलिंग मशीन चालवले, तिच्याशी जोडले जाऊन पाबळची मुले संगणकाने चालणारी लहान यंत्रे हाताळू लागली. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचे सुटे भाग छापणाऱ्या रेपरॅप प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला आणि त्याची सगळी माहिती खुली ठेवली. त्या प्रिंटरच्या अक्षांवर स्टेपर होत्या, आणि पुढे छंदातली बहुतेक यंत्रे त्याच वाटेने गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये बालेवाडीला आशिया-प्रशांत रोबोकॉन स्पर्धा झाली, तेव्हा मोटर निवडण्याचा प्रश्न पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत घरोघरचा झालेला होता. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो आजही रोज विचारला जातो. तिथे एक गोंधळ आधी दूर करावा लागतो. खेळण्यातल्या विमानाला बसते ती छोटी सर्वो आत एक पोटेन्शिओमीटर बाळगते आणि साधारण अर्ध्या फेऱ्यातच फिरते. तिला दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांचा स्पंद दिला की ती त्यानुसार कोन घेते. तत्त्व फार्कोच्या सुकाणूचेच आहे, पण बॉलस्क्रूवर बसणाऱ्या एसी सर्वोशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग छंद म्हणून राउटर बांधणाऱ्याने काय घ्यावे? इतिहासाचे उत्तर असे आहे की त्याने आधी स्वतःची जागा ओळखावी. तो यंत्रापाशी बसलेला असतो, आवाज ऐकत असतो, पाऊल घसरल्याची कर्कश घरघर त्याला लगेच कळते, आणि जॉब तो हाताने मोजतो. तो १९७० च्या शेडमधला टर्नरच आहे. वर्तुळ त्याच्यातून पूर्ण होते, म्हणून स्टेपर त्याला शोभते, तडजोड म्हणून नव्हे तर योग्य निवड म्हणून. मात्र तिच्याकडून लागणाऱ्या जोराच्या निदान दुप्पट क्षमता हाताशी ठेवावी, आणि वेग वाढतो तसा तिचा जोर घटतो हे ध्यानात ठेवावे, कारण जलद पावलांत गुंडाळीतला प्रवाह पुरता चढायला वेळच मिळत नाही. एसी सर्वो सहसा मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत आपला जोर टिकवते आणि क्षणभर त्याच्या तिप्पट देऊ शकते. तेव्हा यंत्र रात्री एकटे चालणार असेल, वेग खूप हवा असेल, कापण्याचा जोर अनिश्चित असेल किंवा एकेक जॉब दिवसाच्या मजुरीचा असेल, तर सर्वोचा खर्च सार्थ होतो. पण तिचे ट्यूनिंग शिकावे लागते. दुरुस्तीचा हात फार जड ठेवला तर ती मॅक्सवेलने वर्णिलेल्या हेलकाव्यांत सापडते, आणि टेबल जागच्या जागी थरथरू लागते.

शेवटचा आक्षेप नव्या बाजाराचा आहे. आता स्टेपरलाच एन्कोडर लावलेल्या मोटरी मिळतात, मग हा वाद जुना झाला असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. स्टेपरच्या शेपटाला एन्कोडर लावावासा वाटला, यातच पडताळ्याची जागा हा खरा प्रश्न होता आणि मोटरची जात दुय्यम, याची कबुली आहे. पण या मोटरीही दोन तऱ्हांच्या असतात. काही घसरलेले पाऊल भरून काढतात, काही नुसते घसरले एवढेच सांगून थांबतात. विकत घेताना हा फरक विचारला पाहिजे. आणि कुठलीही मोटर बसवली, तरी तिच्या शाफ्टपुढची साखळी कुणीतरी तपासायची उरतेच. त्यासाठी भोसरीच्या शेडमध्ये हाताशी असणारे एक साधन पुरते. टेबलाच्या कडेला चुंबकी स्टँडवर डायल गेज लावावा, काटा शून्यावर आणावा, आणि यंत्राला कामाच्या वेगाने शंभर वेळा दूर जाऊन परत यायला सांगावे. काटा फिरून शून्यावर आला तर पावले सांभाळली गेली. तो, ५ मिलिमीटर पिचवर, दशांश मिलिमीटरच्या पटीत सरकला तर मोटर घसरली आहे. तो थोडाथोडा एकाच दिशेने सरकत गेला तर स्क्रू तापतो आहे किंवा कपलिंग ढिले आहे. तो दिशेप्रमाणे बदलला तर बॅकलॅश आहे, आणि तिच्यावरचा उपाय टर्नरच्या त्या अर्ध्या फेऱ्यात आधीपासूनच आहे.